बारा फेऱ्यांतले पाच

चावी म्हटलं की तुम्हाला कुलूप आठवणार. मी तसली नव्हे. कमरेइतकी उंच, लोखंडाची, वर आडवा दांडा, खाली चौकोनी तोंड. रस्त्यातलं झाकण उचलून मला खड्ड्यात उतरवतात, दांडा धरून फिरवतात, तेव्हा कुठे वॉर्डातल्या नळांना पाणी येतं. तुमची आंघोळ, धुणं, स्वयंपाक, सगळं माझ्या फिरण्यावर.

घडवणारा लोहार म्हणाला होता, "हिला शंभर वर्षं मरण नाही." जीभ काळी मेल्याची! एकोणीस वर्षांत जे पाहिलं, त्यापेक्षा गंजून गेले असते तर बरं झालं असतं.

मला फिरवतो त्याला सगळे चावीवाला म्हणतात. माणूस वाईट नाही, पण नोकरी कच्ची. दरवर्षी कागदावर नगरसेवक साहेबांची सही लागते. हे साहेब चार वेळा निवडून आलेत. कसे, ते मला विचारा.

व्हॉल्व्ह पूर्ण उघडायला बारा फेरे लागतात. टाकी काठोकाठ भरलेली, तरी साहेबांचा हुकूम, पाचच. साडेचार वर्षं बायका करंगळीएवढ्या धारेखाली हंडा लावून बसतात, एकमेकींच्या झिंज्या उपटतात. निवडणूक आली की साहेब स्वतः खड्ड्याशी उभे. "सोड रे, बाराच्या बारा!" नळ धो धो. लगेच गल्लीभर, "साहेबांनी पाणी आणलं हो!" डोंबलाचं आणलं! स्वतःच दाबून ठेवलेलं सोडलं.

यंदा शिवणकाम करणारी एक ताई निवडणुकीत त्यांच्यासमोर उभी राहिली. खड्डा तिच्या दारातच. मशीनवर बसल्या बसल्या तिने वर्षभर माझे फेरे मोजले होते. सभेत सांगायला लागली, "टाकी भरलेली आहे. पाणी अडवलंय."

मला वाटलं, आता साहेब तिचं पाणी तोडणार. छे! मुरलेला माणूस तो. "यंदा दोन महिने आधीच बारा कर," चावीवाल्याला म्हणाले. झालं. ताईची सख्खी जाऊ भर सभेत उठली. "अगं, घरात हंडे ठेवायला जागा उरली नाही, आणि तू म्हणतेस पाणी अडवलंय?" लोक पोट धरधरून हसले.

ताई तडक चावीवाल्याच्या घरी आली. "भाऊ, उद्या शेवटची सभा. चावी घेऊन ये, एरवी किती आणि आता किती, चौघांसमोर फेरे मोजून दाखव. बाकी काही बोलू नकोस."

"ताई, माझ्या पोरांच्या तोंडचा घास जाईल."

"आणि आमच्या पोरांच्या तोंडचं पाणी?"

त्याने दाराआडच्या माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "येतो."

सकाळीच दारात साहेबांची गाडी. गाडी सरकारी, प्रचार साहेबांचा. काचेतून एक पाकीट बाहेर आलं. "तुला कायम केलं रे. निकालानंतर लागू, बरं का!" आणि साहेब हसले. तसलं हसू नरड्याशी सुरी धरणाराही हसत नसेल.

सभा झाली. चावीवाला खाटेवर बसून राहिला आणि मी दाराआड. मी लोखंड, तरी लाजेने मान खाली गेली.

ताई एकशे अकरा मतांनी पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मला खड्ड्यात उतरवलं. बारावरून पुन्हा पाचवर आणायचं होतं. ताई गळ्यातल्या टेपसकट बाहेर आली. "एक," ती म्हणाली.

"ताई, नको ना."

"तू तुझं काम कर. मी नुसती मोजतेय. दोन."

नळांची धार बारीक झाली. बायका अर्धे हंडे घेऊन दारांत आल्या.

"तीन," ताई म्हणाली.

"चार." हा आवाज जावेचा होता.

चावीवाल्याचे हात दांड्यावरून सुटले. कुणाकडे न बघता तो निघून गेला.

मी अजून खड्ड्यातच उभी आहे. थोड्या वेळात साहेब दुसरा माणूस धाडतील. त्यांच्याकडे माणसांना तोटा नाही. हा वॉर्ड त्यांची जहागीर आहे ना, पाच वर्षांची! बायांनो, बघत काय राहिलात? मला फिरवायला कुठे साहेबांचाच हात लागतो? दोघी इकडून धरा, दोघी तिकडून, आणि फिरवा उलट.