ओलेन्स्कचा पाचवा माणूस

मंगळवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी रेणू वझलवारने पेशंटने न उच्चारलेलं नाव इंग्रजीत सांगितलं.

"पाचवा, बोर्तकेविच. पोलंडहून हद्दपार होऊन आलेला शाळामास्तर. बावीस वर्षं दिवसातून तीनदा तापमान लिहून ठेवायचा."

डॉक्टर देवांग सबनीसने ते टाइप केलं. समोरच्या खुर्चीत बसलेले गेन्नादी अर्काद्येविच लोबानोव, वय एक्क्याऐंशी, चौथ्या माणसापाशी थांबले होते. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण नावाला भाषा नसते. त्यांनी रेणूकडे पाहिलं. मांडीवरची टोपी एकदा फिरवली आणि पुढे रशियनमध्ये म्हणाले, "मग कुस्तीगीर सावेल्येव. बर्फाखालून घोडा ओढून काढला त्याने."

रेणूला तेव्हा कळलं, की पाचवा माणूस लोबानोवांनी सांगितलेलाच नव्हता.

अमेरिकेतल्या रेडमंडच्या या क्लिनिकमध्ये ती नऊ वर्षं रशियनची दुभाषी होती. पेशंट बोलेल तेवढंच सांगायचं, एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. नऊ वर्षांत ती एकदाही पेशंटच्या पुढे गेली नव्हती.

स्मरणशक्तीची तपासणी पाऊण तास चालली होती. लोबानोवांनी कागदावर घड्याळाचं चित्र नीट काढलं. लक्षात ठेवायला दिलेल्या पाच शब्दांपैकी मात्र त्यांना दोनच आठवले. ते रेडमंडमध्ये एकटे राहत होते आणि तसंच राहायचं म्हणत होते. मुलगी ॲरिझोनात, चँडलरला. वडील आता एकटे राहू शकत नाहीत, असं तिचं मत होतं आणि क्लिनिकचा रिपोर्ट काय येतो, यावर त्यांनी तिच्याकडे जायचं की नाही, ते ठरणार होतं. तिने फॉर्मवर लिहिलं होतं : 'बाबा तीस वर्षं ओलेन्स्कच्या म्युझियममध्ये गाइड होते. गावातल्या सात थोर माणसांची चित्रं तिथे आहेत. ती यादी ते झोपेतसुद्धा चुकणार नाहीत.' म्हणून देवांगने यादी विचारली होती.

"सातवी, नटी क्लावदिया झोरिना," रेणूने सांगितलं. या वेळी लोबानोवांचं वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबून.

"सात," देवांग इंग्रजीत म्हणाला. "परफेक्ट. जुनी मेमरी एकदम सॉलिड आहे. मी हे रिपोर्टमध्ये वर घेतो."

रेणूने पेन टेबलावर ठेवलं. गप्प राहिली असती तर कुणालाच कळलं नसतं.

"दुभाषी स्वतःची दुरुस्ती करू इच्छिते," ती म्हणाली. नियमाप्रमाणे खोलीत स्वतःला 'मी' म्हणायचं नसतं. "पाचवं नाव पेशंटने घेतलं नाही. ते दुभाषीने घेतलं."

देवांगचे हात कीबोर्डवर थांबले. तो अमेरिकेत जन्मलेला, चौतिशीचा. रेणू त्याला मंडळाच्या गणपतीत तो कॉलेजात असल्यापासून बघत आली होती. खोलीत तो तिच्याशी इंग्रजीच बोलायचा. आता मराठीत घसरला.

"वेट, रेणू मावशी. तुम्हाला कसं माहीत, हू इज नेक्स्ट?"

"मी रशियात ओलेन्स्कला होते. सहा वर्षं. तिथे मेडिकल कॉलेज आहे, मी तिथे डॉक्टर झाले. पहिल्या वर्षी यांनीच आम्हाला म्युझियम दाखवलं होतं. यादी सुरू झाली तेव्हा ओळखलं."

"तुम्ही डॉक्टर आहे?"

"झाले होते. भारतात परत गेल्यावर लायसन्ससाठी परीक्षा द्यावी लागते. तीनदा दिली."

"माझ्या आईला हे माहीत नाही?"

"कुणालाच नाही."

"आई तर सांगते, रेणू मावशी इज द गुलाबजाम एक्स्पर्ट." तो हसला नाही. रेणूही हसली नाही.

खोलीत झालेलं सगळं पेशंटला सांगावं लागतं. ती लोबानोवांकडे वळली आणि तिने सगळं रशियनमध्ये सांगितलं, स्वतःच्या तीन परीक्षांसकट. ते शेवटपर्यंत मान खाली घालून ऐकत होते.

"कोणतं साल?" त्यांनी विचारलं.

"अठ्ठ्याण्णव. ऑक्टोबर."

"अकरा मुली. एकीलाही रशियन येत नव्हतं. मी प्रत्येक माणसाची नक्कल करून दाखवली. आणि तुमच्यातल्या एकीने पेंढा भरलेल्या अस्वलाला हात जोडले."

"ती मी नव्हे. ती सुनेत्रा."

हे मात्र तिने आधी रशियनमध्ये म्हटलं आणि मग इंग्रजीत सांगितलं. सांगताना तिला तो हॉल दिसत होता. जमिनीला मेणाच्या पॉलिशचा वास, कोटांवरून वितळून टपकणारा बर्फ. थोर माणसांपैकी बोर्तकेविच मुलींना सगळ्यात जवळचा, कारण तो थंडीचा हिशेब ठेवणारा. हॉस्टेलमध्ये सकाळी जी आधी उठेल ती खिडकीबाहेरचा थर्मामीटर बघायची आणि बाकीच्या पांघरुणातून ओरडायच्या, 'काका काय म्हणतायत?' काका उणे अडतीस म्हणाले, की कॉलेज बंद. मग हॉटप्लेटवर फोडणी पडायची आणि मजल्यावरची वॉर्डन खोकत दार वाजवायची. ट्रामची वाट बघताना पाय आपटत त्या सातही नावं ओळीने म्हणायच्या, ऊब येण्यासाठी. पाचव्यावर सगळ्यांचा आवाज चढायचा.

"त्यांना विचारा, पाचवा कसा विसरला," देवांग म्हणाला.

रेणूने विचारलं.

"विसरलो नाही," लोबानोव म्हणाले. "दोन हजार सोळा साली नवे डायरेक्टर आले. शिक्षा म्हणून इथे पाठवलेला माणूस आमचा थोर माणूस कसा, असं म्हणाले. चित्र उतरवलं. पुढची दोन वर्षं मी सहाच सांगत होतो. नोकरी होती. मुलगी त्याच्या आधीच इकडे आली, तिच्या यादीत तो अजून आहे." ते थांबले. "तुझ्याही."

रेणूने शब्दन् शब्द सांगितला. शेवटचा शब्दसुद्धा.

देवांग खुर्चीत मागे टेकला. "मुद्दाम गाळायची सवय म्हणजे लक्षात आहे. मग हा प्लस पॉइंट. पण हुशार पेशंट असं पण करतात, मावशी. गॅप पडला, की त्याला एक चांगली स्टोरी जोडतात. खोटं नसतं ते. त्यांना स्वतःलाच खरं वाटतं. हे खरं आहे का?"

"मला माहीत नाही. मी दोन हजार चार साली निघाले."

"आणि ते अस्वल? अकरा मुली?"

"ते खरं आहे." मग तिने, विचारलं नसतानाही, पुढे जोडलं, "पण दर बॅचमध्ये कुणीतरी अस्वलाला नमस्कार करत असेल. अकरा हा आकडा मात्र आमचाच."

देवांगने 'सात' खोडलं. 'सहा' लिहिलं आणि शेजारी प्रश्नचिन्ह ठेवलं. "दोन आठवड्यांनी परत बघतो. तोवर मी काही साइन करत नाही."

लोबानोव उठले. टोपी घालताना त्यांनी रेणूला विचारलं, "चँडलरमध्ये नदी आहे का?"

हेही तिने डॉक्टरांना सांगितलं. देवांगने फोनवर नकाशा काढून बघितला. "कालवे आहेत," तो म्हणाला. "पुष्कळ."

"कालवे गोठत नसतील," लोबानोव म्हणाले.

गुरुवारी संध्याकाळी सव्वापाचला रेणूने पार्किंगमध्ये गाडीत बसून ओलेन्स्कच्या म्युझियमला फोन लावला. पाऊस भुरभुरत होता. तिकडे शुक्रवारची सकाळ, सव्वादहा. पेशंटबद्दल ती अक्षरही बोलली नाही. मी तुमच्याकडची जुनी विद्यार्थिनी, एवढंच सांगितलं.

फोनवरची बाई तरुण होती. म्युझियम जानेवारीपासून बंद आहे, हीटिंगचा पाइप फुटला, असं ती म्हणाली. चित्रं तळघरात बांधून ठेवली होती.

"किती आहेत?"

"मोजलेली नाहीत. मी फेब्रुवारीत लागले."

"बोर्तकेविचचं आहे का त्यात?"

"कोण?"

रेणूने नाव पुन्हा सांगितलं. तो कोण होता, तेही सांगितलं, लोबानोव सांगायचे त्याच शब्दांत. पलीकडे लिहून घेतल्याचा आवाज आला.

"हॉलच्या भिंतीवर खिळे किती आहेत, बघाल का जरा?"

बाई उठून गेली. तिची पावलं रिकाम्या हॉलमध्ये घुमत गेली आणि परत आली.

"नवा गिलावा केलाय," ती म्हणाली. "खिळे काढून टाकलेत."

लोबानोवांची पुढची अपॉइंटमेंट बावीस तारखेला आहे. मुलगी त्या दिवशी चँडलरहून येणार आहे. तिने रेडमंडला यायचं तिकीट काढलं आहे. परतीचं एक काढायचं की दोन, हे अजून ठरलेलं नाही.