काटा सरळ उभा राहिला तो दिवस

मित्रांनो, मी एक जुना ॲम्प्लिफायर बोर्ड. इंदूरच्या अन्नपूर्णा भागातल्या एका घरी, शिलाई मशीनच्या खणात, दोऱ्याच्या बॉबिनींशेजारी माझा मुक्काम आहे. शेजार वाईट नाही. सुताशी माझं जुनं नातं आहे.

सुहासिनीताईंनी मला घडवलं. त्यांचे वडील कृष्णराव एका कापड गिरणीत स्पिनिंग मास्टर, म्हणजे सूतकताई खात्याचे प्रमुख होते. सूत कुठे जाड, कुठे बारीक, हे काट्यावर दाखवणारं यंत्र ताईंनी गिरणीसाठी बनवलं आणि मला त्याच्या पोटात बसवलं. माझ्यातून दोन तारा निघत. एक वर गेली की दुसरी खाली येई. दोघींमधलं अंतर हीच सुताची बातमी. पण दोघी एकदम वर किंवा एकदम खाली वाहवल्या, तर बातमी बिघडते. म्हणून दोघींची सरासरी बघून त्यांना मध्यावर आणणारा राखणदार लागतो. ताई त्याला कॉमन-मोड फीडबॅक म्हणत. माझ्यात बातमी मोठी करणाऱ्या पायऱ्या दोन होत्या. ताईंनी राखणदार मात्र एकच बसवला, अगदी शेवटी.

कृष्णरावांना लेकीचा अभिमान फार. खात्यात त्यांनी मला असं आणलं, जणू घरचा गणपतीच. पहिलं सूत लागलं ते गोपीनाथच्या साच्याचं, म्हणजे सूत कातायच्या यंत्राचं. गोपीनाथ जुना कामगार, हाताने साफ, जिभेने तिखट. काटा थरथरायला लागला. गिरणीला तेव्हा माणसं कमी करायला निमित्तच हवं होतं. खराब सुताचा शेरा म्हणजे नोकरी गेलीच. कृष्णरावांनी पेन काढलं.

"मास्टरसाब, सूत माझं ठीक आहे. तुमचा डब्बाच पिऊन आलाय!" गोपीनाथ म्हणाला. सगळं खातं हसलं.

"यंत्र खोटं बोलत नाही," कृष्णराव म्हणाले.

ताई पुढे झाल्या आणि त्यांनी सूत काढून घेतलं. काटा तरीही थरथरतच होता! घरी त्यांनी फक्त तारांमधलं अंतर तपासलं होतं. आता एकेक तार वेगळी तपासली, तर दोघी जोडीने हेलकावत होत्या. राखणदार बघे शेवटी आणि हुकूम देई पहिल्या पायरीला; तो हुकूम दोन पायऱ्या ओलांडेपर्यंत उशीर होई, आणि खाली ओढायच्या वेळी तो वर ढकली. तारा अगदी जुळ्या नव्हत्या, त्यामुळे त्या हेलकाव्याचा अंश काट्यात उतरे.

"बाबा, दोष माझ्या बोर्डात आहे."

"हळू बोल. घरी सांगता आलं नसतं?"

"मग यांना दोष तुम्ही घरी दिलात का?"

कृष्णरावांनी पेन खिशात ठेवलं. ताईंनी प्रत्येक पायरीला तिचा स्वतःचा राखणदार दिला आणि माझी थरथर थांबली. गोपीनाथची नोकरी राहिली. "ताई, डब्ब्याचा बुखार उतरला हो!" असं म्हणत येता-जाता तो मला थाप मारी.

पुढे मी पुष्कळ राबलो. या साच्याचं सूत त्या साच्याशी ताडायचं, ही पाळी त्या पाळीशी. फरक कमी निघाला की साहेब लोक खूश. मग बाजार खुला झाला, स्वस्त कापड आलं, कापूस हलका येऊ लागला, साचे दुरुस्त होईनात. सगळंच सूत एकदम उतरत गेलं, सगळ्या पाळ्यांचं सारखंच. फरक शून्याजवळ, शेरे उत्तम. आणि एका सकाळी भोंगा वाजलाच नाही.

कृष्णराव मला न्यायला खात्यात आले, सामान उचलायला गोपीनाथ सोबत होता. जाता जाता कृष्णरावांनी बटण दाबलं. काटा मध्यावर सरळ उभा.

"डब्बा एकदम ठीक आहे, मास्टरसाब," गोपीनाथ म्हणाला. "आता शेरा कोणाच्या नावावर लिहिता?"

कृष्णरावांनी बटण बंद केलं. दोघांची नोकरी एकाच सकाळी गेली होती. दोघांत मोजण्यासारखा फरक उरला नव्हता.

मित्रांनो, मला पुसून-बिसून ठेवा असं माझं मागणं नाही. दिवाळीला ताई पुसतातच. एवढंच करा. दोघांतला फरक मोजाल, तेव्हा दोघं मिळून कुठे चाललेत तेही बघा. आणि बघणारा पायरीपायरीला जवळ ठेवा. आमच्या गिरणीत तो शेवटीसुद्धा कुणी ठेवला नव्हता.