पारोशी वडी

मित्रांनो, मी एक जुनी काळी वडी आहे, पण तोंडाला पाणी सुटू देऊ नका. रत्नागिरीच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत भाविकाने मला घडवलं. पावडरी खलल्या, दाबून गोल वडी केली आणि भट्टीत भाजली. पाण्याचं आणि माझं वाकडं, म्हणून ती मला कोरड्या डबीत ठेवी.

मी अतिवाहक. कडाक्याच्या थंडीत माझ्यातून वीज बिनविरोध धावते. का, ते भल्याभल्यांना नीट उलगडलेलं नाही. भाविका मला द्रवरूप नायट्रोजनात गारठवायची आणि अंगातून बारीक आवाज सोडायची. थंडीत अणूंची थरथर मंदावते, अंग ताठ होतं, आवाज लवकर परत येतो. वीज मोकळी धावू लागते त्या क्षणी हा ताठपणा किंचित बदलतो का, एवढंच तिला बघायचं होतं. मोजमाप मुदतीत पुरं झालं तर पुण्याला संशोधनाची जागा, नाहीतर बुरोंडीला आईसोबत मासळीची पाटी. तिचा सगळा जीव माझ्यात अडकलेला. माझा म्हणाल, तर कशातच नाही. गारठलेल्याला काय कळणार!

शेवटचं मोजमाप राहिलं, दुसरी वडी घडवण्याइतके दिवस उरले नव्हते, आणि दसरा आला. शिपाई रामाकाकांनी यंत्रांना झेंडू वाहिले. मग माझी डबी उघडली.

"पोरीचं सगळं हिच्यावर हाय. पारोशी कशी पुजू?" असं पुटपुटत त्यांनी मला तांब्याभर पाण्याने न्हाऊ घातलं, कुंकू लावलं आणि परत डबीत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी कुंकू बघून भाविका हसली. ते फुंकरीने उडवून तिने मला नायट्रोजनात सोडलं. अंगात मुरलेलं पाणी गोठलं, फुगलं आणि मी आरपार तडकले. सोडलेला आवाज परत आलाच नाही. दुखलं का? छे. काहीच वाटलं नाही.

गारठा उतरल्यावर तिने दोन तुकडे तळहातावर घेतले. भेगेत आतपर्यंत ओलं कुंकू झिरपलेलं होतं. इतक्यात रामाकाका दारात आले.

"झालं का गो बाय? काल हिला चांगली न्हाऊ घालून पुजली होती मी."

भाविकाने मूठ मिटली. "झालं, काका."

"मग नारळ फोडतो!"

त्यांनी फोडला. तिने खोबरं खाल्लं.

मित्रांनो, ज्याच्यावर माया कराल त्याला काय सोसतं, तेवढं आधी विचारा. भाविका आता बुरोंडीला पाटी घेऊन बसते. रामाकाकांना वाटतं, पोर पुण्याला गेली. दर दसऱ्याला ते, तिने डबीत ठेवून दिलेले माझे दोन्ही तुकडे जुळवून ठेवतात आणि आधी न्हाऊ घालतात.