पासपोर्ट येईपर्यंत

कप्तान हे काही त्याचं नाव नव्हे. आयुष्यात तो कधी होडीतसुद्धा बसला नव्हता. पाणीपट्टीच्या कचेरीत वसुलीच्या टेबलावर त्याची हयात गेली, आणि टेबलामागच्या भिंतीवर त्याने एका जहाजाचं चित्र चिकटवलं होतं. कुठल्याशा कॅलेंडरवरचं, कॅलेंडर संपलं तरी न काढलेलं. बिलावरून तावातावाने भांडायला आलेली माणसं मधेच त्या चित्राकडे बघायची. "साहेब, जाऊन आलात वाटतं?" असं कोणी विचारलं की हा म्हणायचा, "जायचंय." ते "जायचंय" ऐकून ऐकून कचेरीने त्याला कप्तान करून टाकलं. निवृत्त झाल्यावर खुर्ची गेली, शिक्का गेला, नाव तेवढं मागे राहिलं.

त्यामुळे कचेरीतल्या जुन्या हिशेबनीसाने जेव्हा चार जोडप्यांची समुद्रसफर ठरवली, तेव्हा सगळ्यांत आधी पैसे भरले ते कप्तानने. खिडकीची खोली हवी म्हणून हट्ट धरला. बायकोला विचारलं ते पैसे भरून आल्यावर. ती म्हणाली, "बरं." तिला समुद्राचं एवढं काही नव्हतं, पण नवऱ्याचा चेहरा इतका उजळलेला तिने बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

अडलं ते एका बंदरापाशी. बोट वाटेत एका देशात दिवसभर थांबणार होती आणि त्या देशाचा व्हिसा लागत होता. खाली उतरायचं नसलं तरी लागत होता, नाहीतर बोटीवर पाऊलच ठेवू देणार नव्हते. त्या देशाची वकिलात दूरच्या शहरात, आणि अर्ज घ्यायची ती फक्त पोस्टाने. फॉर्म, फोटो, बँकेचे कागद आणि सोबत मूळ पासपोर्ट.

"मूळ?" बायकोने विचारलं. ती फॉर्मवर फोटो चिकटवत होती. त्या फोटोंसाठी फोटोवाल्याने कप्तानला तीनदा बसवलं होतं, कारण हसायचं नाही म्हटलं की त्याला हसू फुटायचं. "मग ते परत येईपर्यंत आपल्या हातात काहीच नाही?"

"काय लागणार आहे तुला? भाजी आणायला पासपोर्ट लागत नाही."

स्वतःच्या विनोदावर कप्तान खूश झाला. ती हसली नाही. "धाकटीचं काही झालं तर?"

धाकटी म्हणजे तिची बहीण. आई गेली तेव्हा धाकटी जेमतेम चालायला लागली होती. तिला न्हाऊ घालणं, वेण्या घालणं, शाळेत सोडणं, सगळं हिनेच केलं. धाकटी तोंडाने ताई म्हणायची आणि रुसायची, ऐकायची ती मात्र आईचं ऐकावं तसं. लग्न होऊन ती परदेशी गेली, विमानाने एका दिवसाच्या वाटेवर. तिकडचा लांब मुदतीचा व्हिसा ताईच्या पासपोर्टात होताच, मनात आलं की उठून जाता यायचं. धाकटीचं ऑपरेशन झालं तेव्हा ती तशीच उठून गेली होती. आता डॉक्टर म्हणत होते की सध्या तरी ठीक आहे.

"तिचं चांगलं चाललंय," कप्तान म्हणाला. "उगाच नाही नाही ते मनात आणू नकोस."

त्याने पाकिटाला चिकटपट्टीचे इतके वेढे दिले की पोस्टातली बाई म्हणाली, "काका, आत सोनं आहे का?" कप्तान म्हणाला, "त्याहून जास्त." आणि शीळ घालत घरी आला.

नंतर धाकटीच्या नवऱ्याचा फोन आला. तो मोजून मापून बोलणारा माणूस. म्हणाला, "ताई, ज्यांना भेटायचंय त्यांनी आता यावं, असं डॉक्टर म्हणतात." ती ऐकता ऐकताच उठली, कपाट उघडलं, पासपोर्टासाठी खणात हात घातला, आणि हात तसाच खणात राहिला.

कप्तानने वकिलातीत फोन करून चौकशी केली. तिथल्या मुलीने दोन वाटा सांगितल्या. अर्ज तपासणीत आहे, कधीही निकाल लागेल, तोवर थांबा. नाहीतर अर्ज मागे घ्या, म्हणजे आठवड्याभरात पासपोर्ट व्हिसाशिवाय परत येतील, पण मग बोटीच्या आधी नवा अर्ज होणार नाही. हे सगळं त्याने बायकोला जसंच्या तसं सांगितलं. इथपर्यंत त्याचं वागणं सरळ होतं, हे म्हटलंच पाहिजे.

"मागे घ्या," ती म्हणाली.

"अगं, जरा विचार तरी..."

"बोट पुढच्या वर्षीही असेल."

बोट असेल हो. पण आपले गुडघे असतील का, मित्र असतील का, हे कप्तानच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळून त्याने पुन्हा फोन लावला. पलीकडे ते नेहमीचं संगीत सुरू झालं, कृपया थांबा, थांबा. तो थांबला. खरंच थांबला होता. कानाशी ती पिपाणी वाजत होती आणि डोळ्यांसमोर खिडकीची खोली दिसत होती. तेवढ्यात बायको दारात आली. तिच्या हातात अर्धवट घडी घातलेला स्वेटर होता.

"लागला?"

त्याने होकारार्थी मान हलवली. बायको दारातून हलेना. उभीच राहिली. आणि कप्तान त्या संगीताशी बोलायला लागला.

"हो, नमस्कार. अर्ज मागे घ्यायचाय. दोघांचाही." मधे थांबला, जेवढं थांबायला हवं तेवढंच. "घरात आजारपण आहे. बरं. बरं. आभारी आहे."

त्याने फोन खाली ठेवला. "झालं?" तिने विचारलं. "झालं," तो म्हणाला. "आठवड्याभरात येतील."

खोटं बोलायचं असं त्याने ठरवलं नव्हतं, पण ते तोंडातून निघालं आणि परत घेता येईना. उद्या खरा फोन करू, असं त्याने मनाशी म्हटलं. उद्या उजाडल्यावर वाटलं, आता व्हिसा होतच आला असेल, मधेच मागे घेतला तर उलट उशीर व्हायचा. कधीही पासपोर्ट येतील, ही बहिणीकडे जाईल, चार दिवस बसेल, परत येईल, मग बोट. दोन्ही जमेल. व्हिसा पाहून हिने विचारलंच, तर त्यांनी आधीच लावला होता म्हणून सांगायचं. माणूस स्वतःची समजूत घालायला बसला की त्याच्याइतका हुशार वकील कोणी नसतो. सगळी वसुली जन्मभर चोख करणारा हा माणूस घरात मात्र असा तारखा ढकलत बसला.

धाकटी रोज संध्याकाळी फोनच्या पडद्यावर दिसायची. उशीवर डोकं, चेहरा दिवसागणिक लहान होत चाललेला.

"ताई, निघालीस?"

"पासपोर्ट आला की निघतेच. बॅग भरलेली आहे बघ." ती फोन वळवून दाराशी ठेवलेली बॅग दाखवायची.

"तुमचा पोस्टमन झोपला की काय?" सुरुवातीला धाकटी असं थट्टेत म्हणायची. पुढे थट्टा गेली. नुसतं विचारायची, "आला?"

कप्तान त्याच सोफ्यावर बसलेला असायचा. पडद्याच्या कडेला त्याचा खांदा दिसायचा. एकदा तो मधेच वाकून म्हणाला, "येतोय, येतोय. मी रोज विचारतोय त्यांना." हे तर त्याला कोणी विचारलंही नव्हतं.

बायको मागे लागली की फोन घेऊन तो गॅलरीत जायचा, रस्त्याकडे बघत उभा राहायचा आणि आत येऊन म्हणायचा, "पाठवलेत म्हणतात." ती पाणी आणून द्यायची. उन्हात उभे होतात, म्हणायची.

धाकटी गेली ती सकाळी. फोन बायकोनेच घेतला. बराच वेळ ऐकत राहिली, मग बॅगेशेजारी जमिनीवर बसली.

"शेवटी ती सारखी दाराकडे बघत होती म्हणे," ती म्हणाली. "मग तिच्या नवऱ्याने तिला सांगितलं, ताई आलीय, जिना चढतेय. तेव्हा कुठे तिने मान टेकली."

कप्तान रडला. ते रडणं खोटं नव्हतं. बायकोच त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "तुम्ही केलंत हो तुमच्याकडून होईल तेवढं." त्याने तो हात पाठीवर राहू दिला. बाकी सगळं एकवेळ बाजूला ठेवू, पण हे त्याने करायला नको होतं.

पासपोर्ट आले. पोस्टमनने सही घेतली, ती तिनेच केली. स्वयंपाकघरातली कात्री घेऊन तिने पाकीट कापलं. आता घाई उरली नव्हती, तरी हात भराभर चालत होते. तिने स्वतःचा पासपोर्ट उघडला आणि पानं उलटता उलटता थांबली. एका पानावर तिचा न हसणारा फोटो होता, भोवती रंगीत नक्षी, वर त्या देशाचं चिन्ह.

"हा व्हिसा कसा काय?" ती म्हणाली. "अर्ज मागे घेतला होता ना आपण?"

"त्यांनी आधीच लावला असेल," कप्तान म्हणाला. वाक्य तयारच होतं.

तिने पासपोर्ट उजेडात धरला. "दिल्याची तारीख आहे इथे. गेल्या आठवड्यातली." तिने पुन्हा एकदा वाचलं. "फोन तर तुम्ही त्याच्या कितीतरी आधी केला होता."

कप्तानने कापलेलं पाकीट उचललं आणि उगाच आत बघितलं.

"तेव्हा फोनवर पलीकडे कोण होतं?"

अजूनही काहीतरी सांगता आलं असतं. पण त्याला एकदम थकवा आला. "कोणी नव्हतं," तो म्हणाला. "नुसतं वाजत होतं."

ती ओरडली नाही. ओरडली असती, हातातलं फेकलं असतं, तर त्याला बरं वाटलं असतं. ती खुर्चीवर बसली आणि त्याच्याकडे बघत राहिली. पहिल्यांदाच दारात आलेल्या माणसाकडे बघावं, तशी.

"रोज ती विचारत होती, आणि तुम्ही माझ्या शेजारी बसून ऐकत होतात."

"मला वाटलं, दोन्ही जमेल."

"तुमचं जमलं," ती म्हणाली.

तो उठून तिच्याजवळ गेला. "नको ती बोट. मी आत्ता हिशेबनीसाला फोन करून नाही म्हणून सांगतो. तुझ्यासमोर करतो."

"तुम्ही जायचं," ती म्हणाली. "मी धाकटीच्या घरी जाणार. तिचा नवरा एकटा पडलाय, तिचे कपडे तसेच पडलेत, ते कोणीतरी आवरायला हवेत. तुम्ही बोटीवर जायचं आणि सगळं बघून यायचं. एकही ठिकाण सोडायचं नाही."

"तुझ्याशिवाय कसा जाऊ मी?"

"तुम्ही आता घरी बसलात, तर धाकटी इतके दिवस वाट बघत पडली होती ती कशासाठी?"

दुसऱ्या दिवशी ती गेली. बॅग नव्याने भरावी लागली नाही.

तो बोटीवर गेला. बायको बहिणीकडे गेलीय, एवढं त्याने सांगितलं आणि मंडळींनी समजुतीने माना हलवल्या. खोलीला खिडकी होती. खिडकीत समुद्र होता, चित्रातल्याहून कितीतरी मोठा. त्याला तो बघवेना. पण सकाळी उठून तो खिडकीशी बसायचा आणि बघायचा.

त्या बंदरावर मंडळी खाली उतरली. टेबलामागच्या माणसाने व्हिसाच्या पानावर शिक्का मारला तो दुसऱ्या कोणाशी तरी बोलत बोलत. पुढे टेकडीवर एक किल्ला होता. निम्म्या चढावरच बाकीचे सावली बघून बसले. कप्तानचे गुडघे कुरकुरत होते, डोळे वाहत होते.

"कप्तान, बस की लेका," हिशेबनीस म्हणाला. "किल्ला काय पळून चाललाय?"

"नाही. बघायचाय," कप्तान म्हणाला आणि कठड्याला धरून वर निघाला.

"बघा, या वयात सुद्धा," हिशेबनीसाची बायको कौतुकाने म्हणाली. "हौस असावी तर अशी."

कप्तानने ते ऐकलं. त्याने बाहीने डोळे पुसले आणि पुढची पायरी चढला. किल्ल्यानंतर अजून मनोरा बघायचा होता.