बिनपंख्याचा डबा

आवाज न करणाऱ्या वस्तूवर आपल्या लोकांचा विश्वास नाही. यंत्रमागांच्या नव्हे, या दुसऱ्या छोट्या मालेगावात माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे, म्हणून हे छातीठोकपणे सांगतो. बिनपंख्याचा छोटा डबा दाखवला की गिऱ्हाईक त्याला कान लावतं आणि विचारतं, "अशफाकभाई, हा चालू हाय का मेला?"

जवळच्या रिठद गावच्या गोविंदा गुरुजींना मात्र तसाच डबा हवा होता. शाळेतून निवृत्त झाल्यावर ते गावातल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून रेकॉर्ड करायचे. छप्पन साली धम्म घेतला तेव्हा घरात काय झालं, कोण रडलं, कोण हसलं. जुन्या कॉम्प्युटरचा पंखा प्रत्येकाच्या बोलण्यात घरघर करायचा आणि गुरुजी त्याचा राग माझ्यावर काढायचे. शेवटी मी हा डबा मागवून दिला. काळं धातूचं अंग, वर उभ्या पट्ट्या. "गुरुजी, याचं अंग हाच याचा पंखा," मी बजावलं. "आतली गरमी या पट्ट्यांतून बाहेर पडते. वर कागदसुद्धा ठेवू नका."

त्यांनी ते पाळलं. पण उन्हाळ्यात गुरुजी गेले, आणि ही गोष्ट घरात दुसऱ्या कुणाला सांगायची राहूनच गेली. त्यांचा स्वतःचा आवाजही त्याच डब्यात होता, दुसरी प्रत कुठेच नव्हती. त्यांच्या बायको, भागिरथाकाकू, रोज दुपारी सुनेकडून तो लावून घेत आणि ऐकत बसत.

थंडी पडल्यावर काकूंचा फोन आला. "आवाज येऊन नाई राह्यला, बापू. येऊन पाहून जाय."

दुपारी गेलो. गुरुजींच्या खोलीला खिडकी नाही, आत गारठा होता. टेबलावर डबा कुठे दिसेना. गोधडीत गुंडाळलेलं एक गाठोडं तेवढं होतं.

"आत हाय," काकू म्हणाल्या. "पावसाळ्यात भिंतीले ओल आली. मंग त्याईच्या सदऱ्यायची गोधडी शिवून पांघरली. उघडं कसं ठेवावं?"

आपल्याकडे टीव्ही झाकतात, मिक्सर झाकतात, जीव लावला त्या वस्तूला कपडा शिवतात. काकूंनी तेच केलं होतं. मी घाईनं गोधडीत हात घातला आणि हायसं वाटलं. आत चांगली ऊब होती. माणूस नुकताच उठून गेल्यावर अंथरूण लागतं तशी.

"जीव आहे अजून," मी म्हणालो. "वायर कुठंय याची?"

"ते तं सुनेनं दसऱ्याच्या आंधीच काढली. जळका वास आल्ता. मले वाटलं, आराम करून राह्यला."

वायर खरोखरच कोपऱ्यात खिळ्याला टांगलेली होती. मी डबा बाहेर काढला. धातू इतका गार होता की बोटं आखडली. गोधडी मात्र तशीच उबदार होती. मी टेबलाखाली वाकून पाहिलं, भिंत चाचपली. ऊब येण्यासारखं काहीही नव्हतं. मला भीती वाटली, आणि काकूंसमोर वाटली याची लाजही वाटली.

डबा उघडला. आतलं सगळं करपलेलं. डिस्क काढून माझ्या लॅपटॉपला लावली, पण तिनं काहीच दाखवलं नाही. गुरुजींचा आवाज गेला होता, म्हाताऱ्यांचेही गेले होते.

काकू माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या. "माह्या गोधडीनं झालं का?"

दोष व्होल्टेजवर ढकलायचं मी ठरवलं होतं. पण त्या नजरेपुढे जमलं नाही. "हो, काकू."

त्यांनी गोधडीवर हात ठेवला. "भूतबित नसते, मले माहीत हाय. साऱ्या गावाचं भ्याव त्याईनंच काढलं. पण हे गरम काहून हाय?"

मी टेबलाखाली पुन्हा एकदा हात फिरवून पाहिला.

"त्याईले सांग," काकू म्हणाल्या. "भागिरथेले माहीत नव्हतं म्हणून सांग. तूच सांग. माहं त्याईनं कधी आयकलं नाई, तुह्यं आयकत."

मला तिथून पळून जायचं होतं. तरी मी त्यांच्या हाताशेजारी हात ठेवला. "गुरुजी," मी म्हणालो, "काकूंना माहीत नव्हतं. मी फक्त तुम्हालाच सांगितलं होतं. आवाज गेले सगळे."

गोधडी कडेपासून निवायला लागली. कुणी ओढून न्यावी तशी ती ऊब आमच्या हातांखालून मधोमध सरकली, तिथे क्षणभर थांबली आणि संपली. मग नुसतं गार कापड उरलं.

काकूंनी हात काढला नाही. कापड दोनदा दाबून पाहिलं, पालथ्या हातानंही पाहिलं.

"आपण सांगायलेच नोको होतं, बापू," त्या म्हणाल्या.