शिंगाड्याच्या तलावावरचा हंस

मी हंस बोलतोय. मानससरोवरातला वगैरे नव्हे. फायबरचा, चार माणसं बसतील असा, पायांनी पेडल मारून चालवायचा. नागपूरहून मौद्याकडे आलात की सावरबोडी नावाचं गाव लागतं. तिथल्या तलावाकाठी, सिमेंटच्या ओट्यावर, मी चार वर्षांपासून बसलोय. माझं बोलणं कडू वाटलं तर वाटू द्या. चार वर्षं पाण्यापासून वीस पावलांवर कोरडं बसून बघा, मग मला शहाणपण शिकवा.

माझा जन्म नागपूरच्या एका शेडमध्ये झाला. साच्यातून काढल्यावर कारागिरानं माझ्या मानेवरून हात फिरवला, चोच लाल रंगवली आणि डोळे काढले. एक डोळा जरा मोठा झाला. "चालते गा, पाण्यात कोण पाह्यते!" असं तो सोबत्याला म्हणाला. पाणी हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला आणि त्याच्यासाठी वेडा झालो.

माझ्यासारखे सहा हंस ट्रकमधून इथं आले. मंडप होता, माइक होता, जल पर्यटनाचा भलामोठा फलक होता. माझ्या गळ्यात हार घातला, फीत कापली. इथं रिसॉर्ट होईल, बाहेरदेशचे पाहुणे येतील, गावातल्या पोरांना कामासाठी बुटीबोरीला जावं लागणार नाही, असं भाषणात सांगितलं. टाळ्या वाजल्या. मग पाहुणे जेवायला गेले आणि आम्हाला पाण्यात सोडायचं राहूनच गेलं.

पुढे कळलं की धक्का बांधल्याशिवाय बोटी सोडता येत नाहीत. धक्का कोण बांधणार? गुंतवणूकदार. गुंतवणूकदार का येत नाही? धक्का नाही म्हणून. घ्या! दुसऱ्या वर्षी नवे साहेब आले आणि माझं पुन्हा उद्घाटन झालं. एकदाही न चाललेल्या बोटीचं दोनदा उद्घाटन होतं, हे मला इथंच समजलं.

तलाव मात्र माझ्यासाठी थांबलेला नव्हता. गावातली मासेमार ढिवरांची चार घरं त्यात पिढ्यान्‌पिढ्या शिंगाडा लावत आली. पावसाळ्यात रोपं सोडायची, आश्विन-कार्तिकात तोडा करायचा. त्यांचा म्होरक्या कवडू. तलावाला नारळ दिल्याशिवाय तो वेलाला हात लावत नसे. तो आपल्या काळ्या, ओबडधोबड डोंग्यात बसून वेल बाजूला सारत निघाला, की माझा नुसता जळफळाट व्हायचा. तो डोंगा पाण्यात आणि माझ्यासारखा देखणा हंस ओट्यावर!

कवडूची मुलगी रितिका नागपूरला हॉटेल मॅनेजमेंट शिकलेली. तिनं प्रकल्पाच्या गिरिधर साहेबांना एक कागद लिहून दिला होता. पाहुण्यांना डोंग्यात बसवू, त्यांच्या हातानं शिंगाडे तोडवू, आई काठावर उकडून तिखट-मीठ लावून देईल. साहेबांनी कागद डोळ्यांखालून घातला, "छान आहे, ठेवून जा," म्हणाले आणि फाइलमध्ये ठेवला. तो तिथं माझ्यासारखाच बसला असणार.

या आश्विनात गिरिधर साहेब घाईघाईनं आले. मुंबईचे मोठे गुंतवणूकदार चार दिवसांत तलाव बघायला येणार होते. ड्रोननं चित्रीकरण होणार होतं. पोस्टरवर तलाव निळाशार होता, इथं अर्धा तलाव हिरवा. साहेबांना मौद्याच्या वीजकेंद्राच्या धूर ओकणाऱ्या चिमण्याही चित्रात नको होत्या, पण त्या हलवणं त्यांच्या हातात नव्हतं.

"कवडूभाऊ, एवढे वेल काढून टाका," ते म्हणाले.

"साहेब, पंधरा दिवस थांबा ना जी. शिंगाडे भरून राहिले."

"पंधरा दिवसांनी ते दुसऱ्या राज्यात पैसा लावतील. एका हंगामाचं काय घेऊन बसलात? बोट क्लब आला की चालवायला तुम्हीच. तुमचंच नाव सुचवतो मी."

कवडूनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेतली आशा मला ओळखू आली, कारण ती माझ्याही मनात होती.

त्याची बायको सिंधूताई ओट्याशीच उभी होती. ती तडकली. "हातचं सोडून पळत्याच्या मागं काहून धावता? त्या साहेबानं कधी कोण्या कामाचा कागद देल्ला का तुमाले?"

"अवं, पोरीनं शिकून काय शिंगाडेच तोडाचे?" कवडू म्हणाला. "एक डाव पाहू दे मले."

दुसऱ्या दिवशी त्यानं बाकीच्या तीन घरांना समजावलं. नारळ घेऊन काठावर आला, सवयीनं फोडला आणि डोंग्यात बसला. आपल्याच हातानं लावलेले वेल तो आपल्याच हातानं उपटत होता. दुधाळ, अर्धे भरलेले शिंगाडे वेलासकट काठावर येऊन पडत होते. दोन दिवसांत माझ्या ओट्याजवळ कमरेएवढा ढीग झाला. आणि मी? मी खूश होतो. लपवत नाही. पाणी मोकळं झालं होतं, आता माझी पाळी होती. आज त्या आनंदाची लाज वाटते.

पाहुणे आले. मला शेवटी पाण्यात ढकललं, गिरिधर साहेब आणि दोन पाहुणे आत बसले. काय सांगू ते पहिलं थंड पाणी! पण चार वर्षांच्या गंजानं पेडल मध्येच अडकलं आणि मी तलावाच्या मधोमध ठप्प झालो. कवडूनं त्या काळ्या डोंग्याला दोर बांधून मला ओढत काठावर आणलं. नाक कापलं गेलं माझं.

पाहुण्यांतले मोठे साहेब उतरले, म्हणाले, "ऐसी बोट तो हर तालाब पर है. यहाँ अलग क्या है?"

चालता चालता त्यांचा पाय ढिगाऱ्यावर पडला. त्यांनी एक शिंगाडा उचलला, सोलून खाल्ला, आणखी एक घेतला. चेहरा खुलला त्यांचा. "ये यहीं का है?"

"था, सर," गिरिधर साहेब म्हणाले. "आपके लिए साफ करवा दिया."

रितिका मागे उभी होती. ती काहीतरी बोलणार होती, पण गाडीची दारं लागली. "कळवतो," म्हणून ते गेले. अजून कळवताहेत. मी परत ओट्यावर.

दिवाळीत चार घरांत शिंगाडा नव्हता. बाकीच्या तीन घरांतल्या बायका सिंधूताईच्या दारातून मान फिरवून जाऊ लागल्या. कवडू बुटीबोरीच्या एका कंपनीत ठेक्यावर लागला, तिथंच खोली करून राहिला. रविवारी घरी आला तरी तलावाकडे येईना. सिंधूताई त्याच्याशी बोलेना.

खरा घोर तर पुढच्या वर्षाचा होता. शेवटच्या तोड्यातले पिकलेले शिंगाडे बियाण्याला ठेवतात, आणि यंदा तोडाच झाला नाही. मायलेकी सडत्या ढिगाऱ्यात हात घालून बसल्या. लवकर धरलेले, पूर्ण पिकलेले असे शंभरात दोन निघत. ते बी कोरडं पडलं की मरतं. रोज ताजं पाणी लागतं, म्हणून तलावाजवळच मोठं भांडं हवं होतं. सिंधूताईनं इकडेतिकडे पाहिलं आणि सरळ माझ्या बुडाच्या, बूच हरवलेल्या भोकात चिंधीचा बोळा कोंबला. माझ्या पोटात पाणी ओतलं, बी सोडलं, वर झावळ्या टाकल्या.

"बस बाप्पा," ती मला म्हणाली. "कोण्या कामाचा तर झाला तू."

माझ्या दोन उद्घाटनांत कुणी माझ्याशी इतकं चांगलं बोललं नव्हतं.

परवाच्या रविवारी कवडू आला. बराच वेळ झावळ्या सारून वाकून पाहत राहिला. मग बादली घेऊन पाणी बदलू लागला. सिंधूताई जवळ येऊन उभी राहिली.

"कोंब येऊन राहिले," ती म्हणाली. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

"चारही घरांले पुरंन," तो म्हणाला आणि तोंड फिरवून डोळे पुसले त्यानं.

एवढ्यावर थांबायला मला आवडलं असतं. पण आज दुपारी रंगवाल्यांचा माणूस येऊन मला मोजून गेला. पुढच्या महिन्यात पर्यटन महोत्सव आहे. नवे गुंतवणूकदार, नवा मंडप, तिसरी फीत. "सगळ्या बोटी उद्या रिकाम्या करून, धुऊन, उन्हात वाळवा," असा साहेबांचा निरोप त्यानं फोनवर कुणाला तरी सांगितला. कवडू बुटीबोरीला आहे. मायलेकी लग्नाला भंडाऱ्याला गेल्यात, परवा येतील. त्यांना सांगणारा इथं मी एकटाच, आणि मला कोण ऐकतं?

गिरिधर साहेब, हवा तो रंग द्या मला. गुलाबी द्या. गळ्यात हार घाला, फीत कापा, मी हूं की चूं करणार नाही. पाण्यातही सोडू नका, जन्मभर ओट्यावर बसेन. पण तुमच्या माणसांना सांगा, बाकीचे पाच हंस आधी धुवा. परवापर्यंत माझ्या बुडातला तेवढा बोळा काढू नका.