खुर्चीवरची घागर

"हे मी वाचणार न्हाई, अण्णा." महानंदानं कागद वीरण्णाच्या पुढ्यात आपटला.

उदगीरच्या केबलवर रोज सातला बातम्या सांगायची ती. स्टुडिओ म्हणजे वीरण्णाच्या दुकानावरची खोली. पण तिच्या जिभेला अख्खं गाव टरकून. गटार तुंबलं की नगरसेवकाचं नाव घेऊन म्हणायची, "साहेब, नाकाला रुमाल बांधून या, पण या." सकाळी गटार साफ.

त्या साली लातूरला पाणी रेल्वेनं आलं. उदगीरात टँकरच्या वाटेवर घागरी रांगेत. माणूस कामाला जायचा, घागर त्याचा नंबर धरायची. दुसऱ्याची घागर हलवायची नाही. हलवली तर डोकी फुटायची.

आणि कागदावर काय? उदगीर जिल्हा होणार, आमदार शेषेरावसाहेबांचं अभिनंदन, टँकर गल्लोगल्ली पोचले!

"साहेबाच्या जाहिरातीवर चॅनल चालतंय, बाई," वीरण्णा म्हणाला. "वाच, न्हाईतर उद्या दुसरी बसवतो."

"वाच की, आपा," कॅमेऱ्यामागून ताहेर पुटपुटला. "पोटावर पाय नको."

ती बसली. लाल दिवा लागला.

"शेषेरावसाहेब, जिल्हा आणा, मलाबी पायजे. पर जिल्ह्याची पाटी वाचायला माणसं जिती ऱ्हायला पायजेत का न्हाई? आमच्या गल्लीत टँकर फिरकला न्हाई. अन् हे बोलले म्हणून उद्या मी हितं दिसणार न्हाई."

वीरण्णानं वायर उपटली. "निघ! पुन्हा पायरी चढू नको!"

ती निघाली. जिन्याखाली तिची रिकामी घागर होती, घरी जाताना रांगेत लावायची. ती उचलून महानंदा पुन्हा वर आली. कॅमेऱ्यासमोरच्या आपल्या खुर्चीवर घागर ठेवली.

"नंबर लावलाय, अण्णा. हलवून दावा."

दुसऱ्या सांजेला ती प्लास्टिकचा कॅन घेऊन टँकरच्या रांगेत उभी होती. समोरच्या हॉटेलातल्या टीव्हीवर सात वाजले. नवी पोरगी स्टुलावर, कडेला अंग चोरून बसलेली. मधोमध खुर्ची. खुर्चीवर पोचे आलेली पितळेची घागर.

वीरण्णाही उदगीरचाच. त्याच्या आईची घागर इथंच, रांगेत होती.

"अगं बया!" मागून सरजाबाई म्हणाली. "ती तुझी घागर न्हवं का?"

"हाव. माझीच."

पोरगी अभिनंदन वाचत होती. ताहेरनं कॅमेरा घागरीवरून हलवला नव्हता.